तीर्थपुरीजवळचा जुळोबा आणि कणकेचा गोळा

"फक्त बघून ये. मागू नकोस," असं सर मला तीन वेळा म्हणाले आणि तिन्ही वेळा मी "हो सर" म्हटलं. तिन्ही वेळा खोटं बोलले. घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर स्टीलचा मोठा डबा काढला, त्यात कापूस ठासला आणि मधोमध एक खळगा करून ठेवला. दगड जमवणाऱ्या माणसाच्या शब्दावर कधी विश्वास ठेवू नये, माझ्या तर मुळीच नाही.

या ब्लॉगवर पहिल्यांदाच आला असाल तर थोडक्यात सांगते. मी पुण्याची, वय एक्कावन्न, दिवसभर विम्याच्या कचेरीत फायली हलवते आणि सुट्टी मिळाली की स्फटिक शोधत हिंडते. आमच्या घरात भांड्यांपेक्षा दगड जास्त आहेत, असं माझा नवरा पाहुण्यांना सांगतो. हे वेड लावलं आमच्या कॉलेजच्या भूशास्त्राच्या सरांनी. सर आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. डोळ्यांनी त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं.

शिकवायला लागण्याआधी, सव्विसाव्या वर्षी, सर जालना भागातल्या विहिरी बघत पायी हिंडले होते. तिथला काळा खडक फोडताना मध्येच एखादी पोकळी लागते आणि आत स्फटिक उगवलेले असतात. तीर्थपुरीच्या बाजूला एका नव्या विहिरीत सुरुंगानं अशीच पोकळी फुटली. सगळ्या मालाचा चुरा झाला, एकच कॅल्साइट, म्हणजे चुन्याच्या जातीचं खनिज, धड निघालं, आणि ते जुळं होतं. जुळं म्हणजे दोन स्फटिक एकाच पातळीवर एकमेकांना चिकटून वाढलेले, जोडकेळ्यासारखे. मधे एक खाच. मधाच्या रंगाचं, तळहाताएवढं, काचेसारखं आरपार. विहिरीच्या मालकानं ते द्यायला साफ नकार दिला. सरांनी वहीत चित्र काढून घेतलं, आणि पुढं आयुष्यभर पहिल्या तासाला ते चित्र फळ्यावर काढून आम्हाला सांगत राहिले, "जुळ्याला डोळ्यांनी नाही, बोटानं ओळखायचं. खाचेत नख अडकलं पाहिजे."

गेल्या महिन्यात भेटायला गेले तर म्हणाले, "तो जालन्याचा जुळा गं. खाच शाबूत आहे का एवढं कळलं ना, तरी मी सुटलो." मला भडभडून आलं. फक्त कळून काय करायचं? तो त्यांच्या हातातच आणून ठेवायचा, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. पहाटे साडेपाचला एकटीच गाडी घेऊन निघाले. नगरला मिसळ, संभाजीनगरच्या बाहेरून वळसा आणि दीडच्या सुमाराला जालना. रस्ता चांगला आहे, फक्त एमआयडीसीजवळ सळयांच्या ट्रकमागं शहाण्यासारखं अंतर ठेवा. सळया ट्रकच्या बाहेर हातभर आलेल्या असतात आणि टोकाला इवलीशी लाल चिंधी. स्टेशनजवळच्या लॉजवर हजाराच्या आत स्वच्छ खोली मिळाली. गरम पाणी सकाळी सात ते आठ, त्यानंतर तुमचं नशीब.

संध्याकाळी खाणवाल्यांकडून माल घेऊन विकणाऱ्या एका माणसाकडे गेले. गोडाऊनमध्ये फळांच्या क्रेटमध्ये, वर्तमानपत्रात गुंडाळून स्फटिक ठेवलेले. मी जुळं कॅल्साइट मागितल्याबरोबर त्यानं एक काढून दिलं.

"बघा मॅडम, एकदम रेअर पीस. बिलकुल नॅचरल."

सरांची आठवण ठेवून मी खाचेत नख घातलं. नखाला रबरासारखं काहीतरी लागलं. दोन साधे स्फटिक गोंदानं चिकटवलेले!

"हे जुळं कधी झालं हो? काल की परवा?" मी विचारलं.

तो गडी असा मनापासून हसला, की मला रागावताच येईना. "तुमाला कळतंय म्हनून सांगतो, खरं जुळं मी सुद्धा दोनदाच पाह्यलं," तो म्हणाला आणि चहा मागवला. वाचकहो, जालन्यात स्फटिक घ्यायला गेलात तर नख वाढवून जा.

दुसऱ्या दिवशी अंबडमार्गे तीर्थपुरी. तास-सव्वा तासाचा रस्ता, पण उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलात तर दोन तास धरा. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, मधूनच मोसंबीच्या बागा. तीर्थपुरीच्या बाजारात एका हॉटेलात भजी खाता खाता मी हॉटेलवाल्याला सरांनी दिलेल्या त्या जुन्या वहीतलं विहिरीच्या मालकाचं नाव दाखवलं. नाव त्याला कळेना. मग चित्र दाखवलं.

"हा तर जुळोबा हाय की!" तो म्हणाला. "अगोदर न्हाई का सांगायचं! थांबा, विष्णूला फोन लावतो."

अर्ध्या तासात विष्णूभाऊ मोटारसायकलवर हजर. विहिरीच्या मालकाचा नातू, पन्नाशीचा, अंगात स्वेटर आणि खांद्यावर उपरणं. "पुण्याहून फकस्त जुळोबाला आल्या?" त्यांनी दोनदा विचारलं, आणि त्यांना इतका आनंद झाला की भज्यांचे पैसेही देऊ देईनात. त्यांच्या मागं मागं गाडी घेऊन पाच-सहा किलोमीटर आत गेले. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. माझ्यासारखे डबेवाले अजून बरेच आहेत.

वाटेत विहीर दाखवली. काळ्या पाषाणाची, रुंद, तळाला हिरवं पाणी. पोकळी फुटली त्याच जागी झरा लागला होता, असं विष्णूभाऊ म्हणाले. "आजोबा म्हनले, पानी ह्याच्या मागं लपलं होतं, ह्यानं वाट दिली. मंग घरात देवाजवळ नेऊन बसवला. तवापासून जुळोबा."

घर पक्कं, स्लॅबचं, दारात ट्रॅक्टर. विष्णूभाऊंची आई, कौसाबाई, ओसरीत शेंगा सोलत बसलेल्या. बहात्तर वर्षांची बारीकशी बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी सरांचं नाव सांगून वाकले तर त्यांनी माझा हातच धरून ठेवला.

"तो गोरा मास्तर? टोपीवाला? हाय अजून?"

"आहेत. मास्तर ते नंतर झाले, पण आहेत."

"माझं लगीन होऊन म्हैनाच झाल्ता तवा. आमच्या वसरीतच मुक्काम होता त्यांचा. ये माय, आत ये. जुळोबा बघ."

तीस वर्षं ज्याचं चित्र बघत आले तो स्फटिक चार पावलांवर होता. देवघरात पितळी देव लखलखत होते, त्यांच्या शेजारी पाटावर, तांदळाच्या राशीवर...

साबणाची वडी.

खरंच सांगते, पहिल्यांदा तेच वाटलं. पांढुरकी, मेणचट, आरपार काही दिसत नाही, धारा सगळ्या गोल झालेल्या. मधाचा रंग कुठल्या कुठं. मी हातात घ्यायची परवानगीसुद्धा विचारली नाही, उचललाच.

"हे काय करून ठेवलंत?"

"काय झालं?" कौसाबाई गोंधळल्या.

"असा कसा झाला हा? कशानं धुता?"

"देवासंगंच की. दिवाळीला आन् पाडव्याला. चिंचेनं."

"चिंच?" माझा आवाज चढला. "अहो, पितळ नाही हे! चिंचेनं विरघळतो हा दगड! छप्पन वर्षं तुम्ही त्याला थोडा थोडा विरघळवताय!"

विष्णूभाऊ हळूच म्हणाले, "ताई, जरा दमानं. देव हाय आमचा."

माझी जीभ अशी आहे. कचेरीत मी यासाठी प्रसिद्ध आहे. पण तिथं समोर साहेब असतो, इथं एक म्हातारी बाई होती आणि तिचा चेहरा मी बोललेल्या एकेका शब्दागणिक लहान होत गेला. त्या खाली बसल्या. पदरानं उगाचच पाट पुसायला लागल्या.

"मला वाटलं, माझीच नजर गेली," त्या म्हणाल्या. "आदी किती चमकायचा. म्हनलं मोतीबिंदू असंल. परभनीला नेऊन डोळ्याचं आपरेशन बी केलं ह्यानं, दोन्ही डोळ्याचं. तरी चमकंना. मंग आनखी घासला."

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी त्यांच्याशेजारी बसले, माफी मागितली आणि अगदी हळू विचारलं, "मावशी, पण याला चिंच लावायची हे तुम्हाला कुणी सांगितलं? दगडाला कोण चिंच लावतं?"

"मास्तरानंच की."

"कुठल्या मास्तरांनी?"

"तुझ्याच. त्याच्या खिशात बारकी बाटली असायची. मी नवी नवरी, दाराआडून बघत होते. तर त्यानं मला बोलावलं, म्हनला, वहिनी, गंमत बघा. आन् बाटलीतले दोन थेंब टाकले जुळोबावर. तर जुळोबा बोलायला लागला! सुरसुर, सुरसुर. मला कानाजवळ धरायला दिला. म्हनला, आंबट लागलं की हा बोलतो. मंग तो गेला निघून, बाटली घेऊन. माझ्याजवळ काय हाय आंबट? चिंच."

भूशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाच्या खिशात ती बाटली असते. पातळ केलेलं आम्ल. दगडावर थेंब टाकायचा, फसफसला तर कॅल्साइट. आम्ही सगळ्यांनी हजारदा केलंय ते, पुढं मागं न बघता.

"दिवाळीला सगळी निजलेली असली, की मी पहाटं घासायला बसते," कौसाबाई सांगत होत्या. "चिंच लावली की कानाला लावते. बोलतो. लई बारीक बोलतो, पन बोलतो. सासू गेली त्या वर्सी बोलला, मालक गेले त्या वर्सी बी बोलला. आता म्हनते तू, ते बोलनं म्हंजी त्याचं विरघळनं होतं."

मी मान डोलावली. खोटं सांगायचं मनात आलं होतं, पण त्यांनी माझ्याकडे असं रोखून बघितलं की धीर झाला नाही.

"कितीक उरला मंग?" त्यांनी विचारलं.

मी खाचेत नख घातलं. बाहेरून सगळा गुळगुळीत झालेला तो जुळा, पण खाच खोल होती आणि अरुंद. तिथं कौसाबाईंचं बोट छप्पन वर्षांत कधी पोचलं नव्हतं. आत, अगदी तळाशी, माझं नख टक्कन अडकलं. पणती जवळ धरली तर त्या फटीत मधाचा रंग दिसला.

"बराच उरलाय मावशी," मी म्हटलं. "जुळा आहे अजून. साध्या पाण्यानं धुवा, आणखी शंभर वर्षं काही होत नाही त्याला."

त्यानंतर जेवण. ज्वारीची भाकरी, तुरीच्या सोल्यांची आमटी, लसणाचा ठेचा आणि वर घरचं तूप. "रागावली तरी जेव," म्हणत त्यांनी तिसरी भाकरी वाढली. अशी आमटी कुठल्या ढाब्यावर मिळेल या भ्रमात राहू नका, त्यासाठी नोव्हेंबरात कुणाच्या तरी घरीच जावं लागतं.

आणि तरीही, एवढं सगळं होऊनही, जेवण झाल्यावर मी गाडीतून डबा आणला. लाज नाहीच मला. सरांच्या डोळ्यांचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आठ दिवसांत परत आणून देते. त्यांच्या हातात एकदा द्यायचाय."

विष्णूभाऊंनी आईकडे बघितलं. आईनं डब्याकडे बघितलं.

"कापूस घालूनच आन्ला व्हय गं?" कौसाबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर हसू होतं, पण उत्तर ठरलेलं होतं. "आमच्या सासऱ्यानं सांगितल्यालं हाय, विहिरीला पानी हाय तवर जुळोबा उंबऱ्याभाईर न्हाई. मास्तराला इकडं आन. मी करीन त्याचं सगळं."

"सरांना जिना उतरवत नाही मावशी."

त्यांनी डब्यातला कापूस बोटानं दाबून बघितला. मग विचारलं, "दिसत न्हाई, म्हंजी हातानंच बघनार ना तो?"

"हो."

"मंग थांब."

त्या उठल्या आणि परातीत कणीक घेऊन बसल्या. दिव्यांना भिजवतात तशी घट्ट भिजवली, मळून मळून लोण्यासारखी केली. अंगठ्यानं जुळोबाला तेल लावलं, खाचेत वातीनं तेल सोडलं आणि गोळ्यात तो असा दाबला की मलाही तसं जमलं नसतं. बाहेर काढला तेव्हा कणकेत जुळोबाचा अख्खा ठसा उमटला होता, आणि खाचेच्या जागी बांधासारखी एक बारीक पाळ उभी होती.

"वाफवू नको, फुगंल," त्यांनी बजावलं. "सावलीत वाळू दे, मंग उन्हात. जल्दी करशील तर तडकंल."

म्हणून मी एक दिवस जास्त राहिले. विष्णूभाऊंसोबत परतूरला त्यांच्या कापसाच्या गाडीतून जाऊन आले, मोसंबीच्या बागेत झोप काढली, आणि दर तासाला गोळा फिरवत बसले. निघताना कौसाबाईंनी मला देवघराजवळ बोलावलं.

"एक विचारू? साध्या पान्यानं धुईन मी. पन दिवाळीला एकच थेंब चिंचेचा टाकला तर किती झिजंल?"

मी वीस वर्षं लोकांना पुस्तकी उत्तरं देत आलेय. त्या दिवशी मात्र पुस्तक बाजूला ठेवलं. मग म्हटलं, "एका थेंबानं काही नाही होत, मावशी. मागच्या बाजूला टाका. खाचेत नको."

"आत्ता टाकू? तुला ऐकू दे."

टाकला. मी कान लावला. आधी काहीच नाही. मग अगदी बारीक, दूरवर कढईत तेल तापावं तशी सुरसुर. मला रडू आलं. का आलं विचाराल तर सांगता येणार नाही, पण आलं.

पुण्याला पोचेपर्यंत सात तास मी एका खोट्याची तालीम करत होते. सरांना सांगायचं, खाच शाबूत आहे, बाकी स्फटिक जुना झालाय, देवघरातल्या धुरानं जरा काळवंडलाय. झालं. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला बाकीचं कशाला सांगायचं?

दुसऱ्या दिवशी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी कापसातून गोळा काढला, नाकाजवळ नेला आणि हसले. "कणीक?" मग बोटं फिरायला लागली. पाळ सापडली तिथं थांबली. त्यांनी नख लावलं. तिच्यावरून दोनदा बोट फिरवलं.

"ठसा उलटा आहे. खाच वर आलीय," ते म्हणाले. "शाबूत आहे गं." मला वाटलं, सुटलो आपण सगळे.

पण बोटं थांबली नाहीत. ती पाळीवरून खाली उतरली, कडेनं फिरली, परत आली.

"धारा गेल्यात. गोल झाल्यात सगळ्या," सर म्हणाले. "धुरानं असं होत नाही."

मी अजून धुराचं बोललेसुद्धा नव्हते.

"आम्ल कुणी लावलं?"

सरांसमोर मला कधी खोटं बोलता आलेलं नाही, "मागणार नाही" सोडून. "चिंच, सर," मी म्हटलं. "देवांबरोबर धुतात. दर दिवाळी-पाडव्याला."

"चिंच त्यांना सुचली कशी?"

मी चहाच्या कपाकडे बघत राहिले.

"माझ्या खिशात बाटली होती," सर म्हणाले. "नवी सून होती त्या घरात. दाराआडून बघत होती बिचारी, कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. तिला गंमत दाखवली मी. दोन थेंब टाकून." मग गोळ्याच्या कडेवर बोट ठेवून, "मीच केलं म्हणजे."

"सर, त्या रागावलेल्या नाहीत."

"ती आहे अजून?"

"आहेत. त्यांनीच हा गोळा मळला."

त्यांनी गोळा दोन्ही हातांत घट्ट धरला. "अजून बोलतो का तो?"

"बोलतो, सर. मी कान लावून ऐकलं."

सर खुर्चीत मागं टेकले. मग एकदम शिकवताना करायचे तशी त्यांनी बोटानं खूण केली. "चिठ्ठी लिही. चिठ्ठीशिवायचा दगड म्हणजे खडी, किती वेळा सांगितलंय."

मी पर्समधून कागद काढला. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. जुळं कॅल्साइट. कणकेतला ठसा. ठिकाण, तीर्थपुरीजवळची विहीर. सध्या देवघरात. रंग, खाचेत मधासारखा. आंबट लागल्यावर बोलतं.

"आणि संग्राहक? तुमचं नाव घालू?" मी विचारलं.

"माझं कशाला? मी तर बिघडवून आलो," सर म्हणाले. "त्या मुलीचं नाव काय गं? छप्पन वर्षांत विचारायचं राहूनच गेलं."

"कौसाबाई."

"लिही मग."